माहेरच्या नावाचा नारळ

पाचवा महिना लागला आणि भीतीनं मला पुरतं घेरलं. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते. हडपसरच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसले तरी एक हात पोटावरच असायचा. ओटीपोट जड झालं की वाटायचं, गेलं. हे गेलं तर पुन्हा होईल का, या विचारानं मी अर्धी झाले होते.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, घराण्यात कुणी दिवस भरण्याआधी बाळंत झालंय का? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असलं काही नाही. मीही मान डोलावली. लग्न झालं की सासरचं तेच आपलं घराणं, हे इतकं अंगात मुरलेलं की दोघींनाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

खरं सांगते, देवळात मी भक्तीनं कमी, भीतीनंच जास्त जात होते. एका मंगळवारी रजा टाकून कर्वेनगरातल्या देवीची ओटी भरायला गेले. रांगेत पुढे साठीच्या एक बाई होत्या. त्यांच्या ताटात दोन खण, दोन नारळ. एक सासरच्या कुलदेवीच्या नावानं, एक माहेरच्या. माझ्या ताटात एकच का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता सासरचीच देवी माझी. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या,

“नाव बदललंत, घर बदललंत. रक्तही बदललंत का?”

आणि स्वतःचा एक नारळ माझ्या ताटात ठेवला.

मला डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला. कशीबशी ओटी भरली, देवळाबाहेरच्या एसटीडी बूथवरून वाशीमला शेजारच्या काकूंकडे फोन लावला आणि आईला बोलवायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा तोच प्रश्न तिला विचारला. आई रडत म्हणाली,

“तू सातव्यातच झाली, माय. तुझ्या मावशीची दोन्ही लेकरं सातव्यातच झाली, अन् गेली. तुझं लग्न जमणार नाही म्हणून कुठं बोललो नाही.”

मी फोन ठेवला. वळून पाहिलं, तर त्या बाई निघून गेल्या होत्या.

तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईबापांकडून येणाऱ्या जनुकांतल्या बारीक फरकांमुळे काही घरांत कळा लवकर येण्याचा धोका वाढतो. होईलच असं नाही, पण बघायला हवं. सोनोग्राफी केली. गर्भपिशवीचं तोंड आखूड होत चाललं होतं. लगेच टाका घातला. पुढचे महिने वारज्याच्या घरी मी कूस बदलायलाही घाबरत होते. सातवा महिना तर श्वास रोखूनच काढला. रोज देवीला म्हणायचे, टाका डॉक्टरांनी घातलाय, धीर तू दे. बाकी माझ्या हातात काही नाही.

नववा लागल्यावर मुलगी झाली, ठणठणीत. त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. त्या देवी होत्या की नुसत्याच फटकळ पुणेकर, हे मी शोधत बसले नाही. रोज हात मात्र जोडते. शरण जायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मला वाटायचं. देवीनं मला आधी विचारायला लावलं, मग पदरात घेतलं.

मुलीच्या पहिल्या तपासणीला नव्या डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात काही आजार? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “आधी सुनेच्या माहेरचं लिहून घ्या.”