काचेतला सदरा

इंदापुरात राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय निघालं, तेव्हा मी निमगाव केतकीला नवीनच नांदायला आले होते. स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. बारामतीचे एक वकील ते उभारत होते. पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या मोटारी इंदापुरात चहापाण्याला थांबतात, त्यातली माणसं आत वळवायची, असा त्यांचा विचार होता. सडकेलगतची एक जुनी वखार त्यांनी चुन्यानं रंगवून घेतली आणि गावोगाव हिंडून वस्तू गोळा करायला लागले.

आमच्याकडे ते आले माझ्या धाकट्या दिरासाठी. दीर बेचाळीसच्या चळवळीत पकडला गेला आणि तुरुंगातच विषमज्वरानं वारला. तिथंच त्याला अग्नी दिला. घरी आले ते त्याचे कपडे. त्यातला खादीचा सदरा सासूबाईंनी धुऊन, घडी घालून, कडुनिंबाचा पाला ठेवून पेटीत जपला होता. मी त्या दिराला पाहिलेलंही नव्हतं, पण दसऱ्याला तो सदरा उन्हात घालायचं काम माझ्याकडे आलं होतं.

वकील ओसरीवर बसले. नम्र माणूस. गुळाचा चहा आवडीनं प्याले.

"आई, तुमच्या मुलाचं नाव देशाला कळायला पाहिजे," ते म्हणाले.

सासूबाईंनी बराच वेळ सदरा मांडीवर धरला. मग विचारलं, "नीट ठिवाल न्हवं?"

"काचेच्या पेटीत ठेवीन."

तेवढ्यावर त्यांनी तो दिला.

उद्घाटनाला सासऱ्यांना बरं नव्हतं म्हणून आम्हाला जाता आलं नाही. पुढं पेरू उतरले तेव्हा माल बाजारात पोचवून सासूबाई आणि मी संग्रहालयाकडे निघालो. बाहेर मोटारी उभ्या होत्या. दारातच कुणीतरी पानाची पिंक टाकलेली. आत ढाली, तोफेचे गोळे, कुणाची पगडी. माणसं ते सगळं भराभर मागं टाकत पलीकडच्या कोपऱ्यात गर्दी करत होती. तिथं एक वासही येत होता, उन्हाळ्यात खाटकाच्या ओट्यापाशी येतो तसा.

मी गर्दीत शिरले. काचेच्या पेटीत एक सदरा पसरून ठेवला होता. छातीवर जळकं भोक आणि भोकाभोवती पोटापर्यंत वाळून काळं पडलेलं रक्त. पेटीचं झाकण नीट बसत नसावं, आत दोन-चार माश्या त्या डागावर बसल्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं: इंग्रजांच्या गोळीनं छाती फुटलेल्या वीराचा सदरा. खाली माझ्या दिराचं नाव.

रेशमी पातळातल्या एका बाईनं नाकाला रुमाल लावला, पण नजर काढली नाही. तिच्या नवऱ्यानं मुलाला वर उचललं. "बघ बघ, खरं रक्त!" शेजारचा एकजण शेंगदाणे खात खात पुढं झुकला आणि काचेवर त्याच्या तेलकट बोटांचे ठसे उमटले.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी खिसा पाहिला. पांढरा दोरा संपला म्हणून त्यांनीच तो हिरव्या दोऱ्यानं शिवला होता.

"सदरा आमचाच हाय," त्या मला म्हणाल्या. "पर ह्ये काय लागलंय त्याला?"

मी पाटी वाचून दाखवली. त्या तिथंच मोठ्यानं बोलल्या, "त्याला गोळी लागली न्हवती. त्यो तापानं गेला."

लोकांनी वळून पाहिलं. वकील लगबगीनं आले आणि आम्हाला खिडकीपाशी घेऊन गेले. रक्त कुणाचं, हे मीच विचारलं.

"बोकडाचं," ते हळूच म्हणाले. त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती, उलट समजावण्याचा सूर होता. "पहिल्यांदा मी तसाच कोरा मांडला होता, आई. कुणी थांबेना. धुतलेला सदरा बघायला मोटारीतून कोण उतरतं? आता बघा, माणसं रडतात इथं. तुमच्या मुलासाठीच रडतात ना?"

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकराच्या अंगावर तुमी बोकूड कापलं."

त्या सरळ पेटीपाशी गेल्या, झाकण उचललं आणि सदरा काढून घेतला. माश्या उठून माणसांच्या तोंडावर आल्या. रेशमी पातळवाली किंचाळत मागं सरली. एकजण ओरडला, "अहो, म्हातारीला आवरा, राष्ट्राची ठेव आहे ती!" वकिलांनी हात पुढं केला, पण सासूबाईंकडे पाहून पुन्हा मागं घेतला.

एसटीत सदरा माझ्या मांडीवरच्या पेरूच्या रिकाम्या पाटीत होता. वासानं शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. घरी पोचल्याबरोबर सासूबाई पाटाच्या पाण्यावर गेल्या आणि रिठ्यानं, राखेनं, पुन्हा रिठ्यानं सदरा घासत राहिल्या. काळं गेलं, पण तांबूस राहिलं. मी हातभार लावू का म्हटलं, तर त्यांनी सदरा आपल्याकडे ओढून घेतला. वाळल्यावर त्या भोकाला त्यांनी आतून ठिगळ लावलं आणि सदरा पेटीत ठेवून दिला.

पुढच्या हंगामात मी माल घेऊन एकटीच इंदापूरला गेले होते. राहवलं नाही म्हणून संग्रहालयात डोकावले. त्याच कोपऱ्यात, त्याच पेटीत दुसराच कुणाचा तरी सदरा होता. रक्त या खेपेला जास्त होतं. पाटी तीच, नाव माझ्या दिराचंच. पेटीपुढं एक म्हातारा गृहस्थ हात जोडून खरोखर रडत होता. त्याला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तो वास घशात गेला आणि बाहेर येऊन मी भिंतीकडेला ओकले.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "व्हती का गं गर्दी?"

"व्हती," मी म्हणाले आणि पेरूच्या पाट्या धुवायला घेतल्या.