एका घराची एक ओळ

घाटाच्या पायथ्याशी, कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची अकरा घरांची वाडी होती. भिंती कुडाच्या, छपरे पेंढ्याने शाकारलेली. दिवाळीपर्यंत हळवे भात झोडून होई आणि प्रत्येक गोठ्याला लागून कोरड्या पेंढ्याची उडवी उभी राही. एका पाडव्याला उंदराने पणतीतली पेटती वात ओढून पेंढ्यात नेली. माझ्या चुलतकाकांचा गोठा दोन बैलांसह जळाला. गावकी बसली आणि ठरले, की उडव्या असेपर्यंत दाराबाहेर दिवा लावायचा नाही. उडव्या वैशाखापर्यंत असत. म्हणजे दिवाळीचा दिवा बंदच झाला.

दोन दिवाळ्या अंधारात गेल्या. तिसऱ्या वर्षी आईने विषय काढला. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवीत असे आणि रजेवर घरी आलो होतो. गावकीत शब्द काकांचा चाले, वडील त्यांच्याशेजारी बसत आणि बोलत नसत, म्हणून आई स्वतःच काकांच्या अंगणात गेली. ते पेंढ्याची दोरी वळत बसले होते.

“भावजी, यंदा दिवं लागतील.”

“आणि उंदरांना कोण सांगंल? तू?”

“राखण ठेवू. तेल बेतानं घालायचं. वात इजंपर्यंत घरचं एक माणूस दिव्यापाशी बसंल. हाताशी पाण्याची घागर आणि भिजवलेलं गोणपाट.”

“बायका गप बसतील काय दिव्याकडं बघत? डुलक्या काढतील.”

“म्हणून तर गाणी म्हणायची. गाणाऱ्या माणसाला झोप लागत नाय.”

काका हसले नाहीत. “एक ठिणगी पडली की कायमचं बंद. मग माझ्या दारात येऊ नको, वयनी.”

पाडव्याच्या सांजेला अकरा दारांत करंजाच्या तेलाच्या पणत्या लागल्या. आमच्या गोठ्याकडची पणती माझ्याकडे होती. आईने ओटीवर बसून गाणे धरले. घाटावर दिलेली एक लेक सांजेला डोंगराच्या कडेशी येते आणि खाली आईच्या दारातला दिवा शोधते, असे ते गाणे होते. आईचा आवाज गोड नव्हता. जाड होता. पण ओळीचा शेवटचा शब्द ती इतका वेळ धरून ठेवी, की ऐकणाऱ्याचा श्वास अडे. घाटावर लेक दिलेली घरे वाडीत पाच होती. शेजारची बाई उठून आमच्या अंगणात आली, मग तिच्या पलीकडची. थोड्या वेळाने सगळी वाडी अंगणात होती. बहुतेकांचे डोळे भरले होते. मीही तिथेच होतो. माझी पणती वीस पावलांवर होती.

आई ओळीच्या मध्येच थांबली. गाणे तुटले म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या, आणि मग गोठ्याकडचा धूर दिसला. घागर आणि गोणपाट जागेवर होते, म्हणून चार कवळे पेंढा जाण्यावर भागले. पणतीत वात नव्हती. दिवा मी सोडला होता, हे मी दुसऱ्या दिवशी गावकीपुढे सांगितले.

“झालं समाधान?” काकांनी आईला विचारले.

“नाय. चूक कळली.”

“पोराची?”

“माझी. मी एकटीच गायले. त्रिपुरीला दुसऱ्या रीतीनं करू.”

काका नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. पाचव्या दिवशी काका म्हणाले, “कर. पण हे शेवटचं.”

नवी रीत साधी होती. कोणी आपला दिवा सोडायचा नाही. प्रत्येक घराने एकच ओळ म्हणायची. ती ऐकू आली की पुढच्या घराने आपली घ्यायची. अकरावे घर झाले की पुन्हा पहिले. एखाद्या घराची ओळ आली नाही, तर तिथे काहीतरी झाले असे समजून दोन्ही बाजूंच्या घरांनी पाणी घेऊन धावायचे. आई आठ दिवस ओटी-ओटीवर जाऊन ओळी पाठ करून घेत होती. सातवे घर काकांचे. त्यांच्या वाट्याला आली ती ओळ अशी होती: ‘घाटावर दिली लेक, दिवा दिसतो का गो तिला.’ काकूंची लेक घाटावरच दिलेली होती आणि तिला दोन वर्षे माहेरी धाडले नव्हते.

“माझी ओळ बदल गो,” काकू म्हणाल्या.

“घर बदलतेस का?” आईने विचारले. ओळ बदलली नाही.

त्रिपुरीसाठी मी रजा वाढवून घेतली होती. आमचे घर सहावे. त्रिपुरीच्या सांजेला चंद्र डोंगराच्या वर आला तेव्हा गाणे दोनदा वाडीभर फिरून आले होते. तिसऱ्या फेरीत मी आमची ओळ म्हटली आणि थांबलो. सातव्या घरातून काही आले नाही.

आई दिव्यापाशी राहिली. मी घागर उचलली. पलीकडून आठव्या घरातला माणूस गोणपाट घेऊन धावत येत होता. आम्ही काकांच्या अंगणाशी पोहोचलो, तेवढ्यात ओळ ऐकू आली. बायकी आवाजात नव्हती. बैलांना हाक घालावी तशा सुरात काका ती म्हणत होते, आणि पुरी म्हणाले. काकू दिव्यासमोर पदरात तोंड धरून बसल्या होत्या. पणती नीट जळत होती. काकांनी तिच्याभोवती हाताचा आडोसा धरला होता.

आठव्या घरातून त्या माणसाच्या बायकोने पुढची ओळ उचलली.

काकांनी माझ्या हातातल्या घागरीकडे पाहिले. “पाणी वतू नको, दिवा इजंल,” ते म्हणाले. “आणि हितं काय बघत उभा? तुझा दिवा कोणाकडं हाय?”

“आईकडं.”

“जा तरी.”