नववा खांब

"डोळे मिटून ऐका, ताई. गिलावा डोळ्यांना फसवतो, कानांना नाही." ठोंबरेकाकांचं हे सांगणं कानात घुमतंय आणि पापण्या जड होतायत. सोमवारची दुपार. उपासाची भगर खाऊन मी माळ हातात घेऊन आडवी झालेय. इमारतीच्या मालकांच्या वतीनं दुरुस्तीकामांवर देखरेख करणं हा माझा व्यवसाय. काका बावीस वर्षं माझ्या हाताखाली सुपरवायझर होते. त्यांना जाऊन आज सोळा दिवस झाले. मी अजून रडलेली नाही.

एक मणी सरकतो आणि मी मिरजेच्या प्रसूतिगृहात उभी आहे. तळमजल्याचे खांब नव्यानं भरून झालेत. तुळयांखाली अजून लोखंडी टेकू आहेत. काका हातोडीनं एकेक खांब ठोकत चाललेत. आत भरीव असला तर आवाज टणक येतो, पोकळ असला तर मडक्यासारखा.

"काका, तुम्ही तर..."

"गेलो, हो. म्हणून काम अर्धं टाकायचं?" ते वळूनही बघत नाहीत. "भगर जास्त झाली वाटतं. उपासाला पोटभर जेवणारी बाई तुमच्याशिवाय नाही बघितली मी."

मला हसू यायला हवं. येत नाही.

पुढचा खांब माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला लागून उभा आहे. काका ठोकतात. "आठवा खांब. भरीव."

मग आम्ही गच्चीवर आहोत. गळती तपासायला तुंबवलेलं पाणी घोट्यापर्यंत आहे आणि त्यात ओळीनं खाटा. खाटांवर बाळंतिणी झोपल्यात. पाणी गार आहे की कोमट, मला कळत नाही.

"नववा कुठाय, काका?"

"आठ मी जायच्या आधी ठोकले. नववा तुम्ही ठोकलात ना? कागदावर चौदाच्या चौदा लिहून सही केलीत."

मी माळेचा पुढचा मणी सरकवते.

"रोजचा जप?"

"झाला."

"पोथीचा अध्याय?"

"एकही दिवस चुकला नाही."

"मग खांबच तेवढे राहिले म्हणायचे." आवाजात राग नाही. असता तर बरं झालं असतं. "आज चार वाजता टेकू निघणार, सगळा भार खांबांवर येणार. प्रसूतिगृहाच्या मालकीण डॉक्टरीणबाईंना सांगाल? तोंडानं. चिठ्ठीबिठ्ठी नको."

"सांगेन."

"शपथा घेऊ नका, तुमची सवय आहे. नुसतं सांगेन म्हणा."

"सांगेन, काका."

नववा खांब समोरच आहे. माझ्याकडे हातोडी नाही. मी मुठीनंच ठोकते, पुन्हा ठोकते. आवाजच येत नाही.

जाग येते तेव्हा माझी मूठ पलंगाशेजारच्या भिंतीवर आहे. दोन बोटांची सालटं निघालीत, रक्तात डिस्टेंपरची पांढरी पूड चिकटलीय. पावणेतीन.

मुकादमाला फोन लावते. "रेडेकर, टेकूंना हात लावू नका."

"अहो ताई, गडी आलेत. आणि सही तर तुमचीच आहे की."

"माझीच आहे. खोटी आहे."

"बरं," रेडेकर म्हणतात. "थांबवतो."

रिक्षात बसल्यावर पहिलं वाक्य जुळवून बघते. बाई, मी सहा खांब न ठोकताच सही केली. पुढचं सुचत नाही. रिक्षावाला विचारतो, "कुठं?" मी प्रसूतिगृहाचं नाव सांगते.