आत्याचा लोखंडी मांडव

“आता खा म्हणावं!”

गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधला की आत्या आधी उसाकडं बघून हे ओरडायची. मग पदर खोचायची आणि कुदळ उचलायची.

तुमी बिबट्याच्या पट्ट्यातले नसाल तर सांगतो. बिबट्या वाकलेल्या माणसाची मान धरतो. म्हणून आमच्याकडं रानात वाकून काम करणाऱ्या बाया गळ्यात पट्टा घालतात, टोकदार खिळे बाहेर आलेला. कुत्र्याच्या गळ्यात असतो तसाच. बाईच्या गळ्यात पट्टा आणि जनावर मोकळं. हसायचं तर हसा. मी पण लई हसायचो.

आमची वस्ती ओतूरच्या पुढं. दहा-बारा घरं आणि चारी बाजूंनी ऊस. आत्या शेजारची. माझी सख्खी आत्या नाय, अख्खी वस्तीच तिला आत्या म्हणायची. नवरा गेला, पोरगा भोसरीला कंपनीत. हिच्याकडं घरामागचा एक तुकडा तेवढा. आपल्या गाडीची शेड होईल, इतकीच जागा.

संक्रांत झाली की त्या तुकड्यावर युद्ध सुरू. जुने वेल उपटायचे, कुदळीनं जमीन पालथी घालायची, ढेकळं फोडायची, चार दिवस ऊन खाऊ द्यायचं. मग शेणखत, चुलीतली राख, वाफे, वेलांची आळी. दोडक्या-भोपळ्याचं बी ओल्या फडक्यात बांधून चुलीपाशी ठेवायचं. मोड डोकावला की मातीत. आणि हे सगळं शिव्या देत. ढेकळाला शिवी, गोगलगाईला शिवी, खत उकरणाऱ्या कोंबडीच्या तर खानदानाला.

“तुझ्या आईला म्हणावं, अंडी घालती का नांगरट करती गं?”

मी ओतूरला मोबाईल दुरुस्त करतो, पण वस्तीत माझी खरी ओळख नकलांची. कुणाची हळद असू द्या, जेवणं झाली की पोरं ओरडणार, “आत्या होऊ दे!” मी डोक्यावर टॉवेल घ्यायचो आणि चालू, “आता खा म्हणावं!” बाया तोंडाला पदर लावायच्या.

एकदा आत्याच मागं येऊन उभी. मला वाटलं, आज कानाखाली. तिनं नक्कल पूर्ण बघितली.

“आवाज जमलाय,” म्हणली. “कंबर चुकली. मी कवा उभी राहून बोलती का रं? वाकून बोल. वाकल्यावर आवाज पोटातनं येतो.”

माझ्या नकलेची चूक अशी कुणी काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं वांग्याची पिशवी पाठवली. फुकट शिकवणी, वर वांगी.

आता ह्या वर्षाचं ऐका. बिबट्यानं वस्तीवरनं दोन कुत्री आणि एक वासरू नेलं. देवळापुढं बैठक बसली. वनखात्याचा गार्ड आला. चांगला माणूस होता, दोन गोष्टी सांगितल्या. घराजवळची दाट झुडपं काढा. आणि ऊस घरापासून लांब ठेवा.

वस्तीनं पहिली ऐकली. दुसऱ्या वेळी सगळे मोबाईलमध्ये बघत होते.

आमच्याकडं सगळ्यात जास्त ऊस अण्णांचा. आत्याच्या कुंपणाला चिकटून. वारा आला की उसाची पाती तिच्या भिंतीला घासायची. तेच अण्णा उभे राहिले आणि म्हणले, “आत्या, तुझा त्यो वेलांचा गुंताडा काढायला लागंल. जंगल झालंय नुसतं.”

आत्या बसल्या जागेवरनं बोलली, “माझा भोपळ्याचा वेल जंगल, आन तुझा ऊस काय रांगोळी व्हय?”

सगळे हसले. अण्णा पण हसले. मोठ्या माणसाला असं हसणं परवडतं.

“आत्या, ऊस पीक हाये. कारखान्याला जातंय.”

“मग मी काय भातुकली खेळती? म्हातारी खाती काय ठावं हाये का तुला?”

चहा आला. बैठक संपली.

आत्या घरी आली आणि पट्टा बांधला. आठवडाभर खपली. वेलांचा जुना मांडव स्वतःच मोडला, “घ्या, झालं समाधान,” म्हणली. वेल कंबरेच्या वर जाऊ देणार नाय म्हणली. आत्या इतकी नमलेली मी कधी बघितली नव्हती. तिला फक्त पेरायचं होतं. शुक्रवारी मोड आलेलं बी आळ्यांत टाकलं, वर मूठमूठ खत लोटलं.

शनिवारी तिच्या गुडघ्याचं इंजेक्शन होतं. मीच गाडीवर ओतूरला नेलं. येताना मागं बसून रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या चालू. वस्तीच्या वळणावर तिनं माझा खांदा धरून गाडी थांबवली.

घरामागं जेसीबी उभा होता. वाफे नाय, आळी नाय, पाट नाय. टेबलासारखी सपाट जमीन. अण्णांनी रस्त्याच्या कामाला मशीन आणलं होतं, जाता जाता हे पण उरकलं. चार-पाच जण कडेला उभे, कुणाचं लग्न लावून आल्यासारखे खूश.

“चिडू नको आत्या,” अण्णा म्हणले, “तुझ्याच जिवासाठी केलंय. काठ्या, बांबू समदं बाजूला ठेवलंय बघ.”

“बी?”

“कसलं बी?”

“मातीत व्हतं.”

“हात्तिच्या! पाकीट आणून देतो की नवीन.”

मला वाटलं, आता आत्या फाडून खाणार. ती सरळ घरात गेली, पट्टा घेऊन आली आणि अण्णांपुढं धरला.

“हा घे. उसाला बांध. त्यो तिथं राहतो.”

अण्णांनी हात पुढं केला नाय. पट्टा खाली पडला. आत्या आत गेली आणि कडी लावली.

मला आजही त्या सपाट जमिनीचा राग येतो. अण्णांचा येतोच. पण कडेला उभं राहून “बरं झालं, मोकळं दिसतंय” म्हणणाऱ्यांचा जास्त येतो. त्यांच्या सगळ्यांच्या घरी आत्याची वांगी गेली होती.

चार दिवसांनी पोरगा गाडी घेऊन आला. त्याला बिबट्याची धास्ती होतीच, कधीपासून चल म्हणत होता. दरवेळी ती म्हणायची, “तिथं काय भिंतीला पाणी घालू?” ह्यावेळी पिशवी भरली. गाडीत बसताना कुंपणाकडं मान पण वळवली नाय. पट्टा मागंच राहिला.

त्या जागेवर मग वनखात्याचा पिंजरा आला. गाडी लागायला जागा सपाट, ऊस हाताशी, झकास. पुढच्या कप्प्यात बिबट्यासाठी दार, मागच्या कप्प्यात एक शेळी. शेळीला पाणी दाखवायचं काम मी मागून घेतलं. रोज सकाळी शिळं पाणी तिथंच ओतायचो आणि नवीन भरायचो.

बिबट्या आला नाय. दोडका आला.

जेसीबीनं माती इकडची तिकडं केली होती, पण बी काय मशीनला विचारून उगवत नाय. पिंजऱ्याच्या कोपऱ्याशी दोन पानं दिसली. मग चार. मग वेलानं गजाला बोट गुंडाळलं आणि चढला वर. शेळी आतनं मान लांब करून करून थकली, तिचं तोंड पोचंना.

मी भोसरीला फोन लावला.

“फूल कवा उमलतंय?” आत्या म्हणली. “सकाळी का सांजचं?”

“सांजचं.”

“मग दोडकाच. घोसाळं नाय. मांडव कुणी घातला?”

“मांडव नाय गं, बिबट्याचा पिंजरा हाये.”

फोनवर नुसती टीव्हीची मालिका ऐकू येत होती.

“लोखंडी हाये ना?” ती म्हणली. “मग टिकंल.”

“ये की मग तोडायला.”

“हितं खिडकीला जाळी, दाराला जाळी. बिबट्या तिकडं मोकळा आन मी हितं. ठेव फोन.”

त्या दिवसापासून मी तिचा पट्टा बांधून जातो. पडला होता तिथनं मीच उचलला होता. पोरं हसतात. हसू द्या.

परवा गार्ड आला. दुसऱ्या गावाला पिंजरा पाहिजे होता, बाहेर गाडी उभी. शेळी सोडली. मी खाली वाकून वेलाच्या बुडाला माती लावत होतो. त्यानं गजावरचा वेल मुठीत धरला, ओढायला.

मी ठरवून केलं नाय. वाकलेलाच होतो, आवाज आपोआप पोटातनं आला.

“हात लाव म्हणावं! लाव हात, मग बघती तुझ्याकडं!”

गार्डची मूठ सुटली. तो माझ्या मागं बघायला लागला, आत्याच्या कुलूप लागलेल्या दाराकडं.

मी पण वळून बघितलं.