बाजूला बसणं

लोह्याच्या आमच्या घरात पाळी आलेली बाई तीन दिवस बाजूला बसते. न्हाणीजवळच्या खोलीत, सतरंजीवर. ताट दारातून सरकवतात. त्यामुळे कुणाला कधी पाळी आली, हे घरात सगळ्यांना कळतं. कुणाला आली नाही, हेही.

बारावीत मी लातूरला क्लाससाठी हॉस्टेलवर होते. वजन वाढत होतं. हनुवटीवर केस येत होते. इतर मुली उठण्याआधी मी ते रेझरने काढायचे. उन्हाळ्यापासून पाळी नव्हती. हे कुणाला सांगायचं मला सुचलं नाही. आईलाही नाही.

दिवाळीला घरी आले. स्वयंपाकघरात मोठी काकू आईला म्हणाली, “पोरगी लई भरली गं. मेसचं खाणं मानवलं वाटतं.”

“बसून अभ्यास असतो, जाऊबाई.”

“गणपतीत आली, बाजूला बसली न्हाई. दसऱ्याला न्हाई. आता बी न्हाई.”

“लातूरलाच येऊन जाती.”

“पाळी बी शानी म्हणायची. सुट्टी बघून दडती.”

आई हसली. मी शेजारच्या खोलीत होते. संध्याकाळी तिनं दार लोटून घेतलं.

“उद्यापासून बाजूला बस.”

“आली नाही, आई.”

“म्हाईत हाय. बस.”

मी बसले. लक्ष्मीपूजन त्या खोलीतून ऐकलं. काकूनं फराळाचं ताट सरकवलं, वर एक लाडू जास्त ठेवला. आई ताट न्यायला यायची तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, खोटं बोलावं लागलं म्हणून असेल.

नंतर पुस्तकं आणायची असं घरी सांगून आई मला नांदेडला घेऊन गेली. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं: अंडाशयावर बारीक गाठी दिसतात, हार्मोन्स बिघडले की वजन वाढतं, वजनानं ते आणखी बिघडतात. गोळ्या, चालणं, गोड बंद. पोरीची चूक नाही.

आई ऐकत होती, पण थांबली होती दुसऱ्याच गोष्टीसाठी.

“दुसरं काही न्हाई ना, मॅडम?”

“दुसरं म्हणजे?”

आईची नजर माझ्या पोटावर गेली. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नाही. तसलं काही नाही.”

आईनं पदर तोंडाला लावला आणि रडली. मी ओढणी सारखी करत राहिले. काकूला जे वाटलं, तेच आईलाही वाटलं होतं.

बाहेर रसवंतीवर तिनं दोन ग्लास सांगितले. “पी, माय. सुट्टी संपली की जा लातूरला.” आता ती माझ्या तोंडाकडे नीट बघत होती. गोड बंद आहे, याची मी तिला आठवण करून दिली नाही.

बसमध्ये ती हळूच म्हणाली, “गाठीचं घरी बोलू नको. उद्या सोयरीक बघताना अडतं.”

मी हो म्हटलं. गोळ्यांचं पाकीट तिनं नव्या पुस्तकांच्या मध्ये सरकवलं.