माशाचं शेत

मंगळवारी माझे पती गेले. दुपारी त्यांची धाकटी बहीण पालीहून आली ती थेट माशाच्या टाकीपाशी गेली आणि काचेला हात लावून रडली. मी आतल्या खोलीतून पाहत होते.

टाकी पुढच्या खोलीत, खिडकीखाली. खारं पाणी, एक दगड आणि मालवणहून आणलेला बोटभर डॅमसेल मासा. हे मत्स्यशास्त्र शिकवायचे, आणि घरी आल्यावर चहाही त्याच माशासमोर स्टुलावर बसून प्यायचे. माझ्याशी कामापुरतं बोलणारा माणूस त्याच्याविषयी मात्र तासभर सांगायचा. हा शेती करतो. दगडावरचं नको ते शेवाळ तोंडानं उपटून लांब नेऊन टाकतो, हवं तेवढंच वाढू देतो आणि तेच खातो. समुद्रात दुप्पट मोठा मासा आला तरी शेतात फिरकू देत नाही. मी मेथी निवडत ऐकायचे, सवतीचं कौतुक ऐकावं तसं.

सुतक फिटल्यावर घर धुवायला काढलं. नणंद पदर खोचून पुढे झाली. फरशा झाल्या, भांडी झाली, मग काथ्या घेऊन ती टाकीकडे वळली.

"वयनी, केवढं हे शेवाळ! दगड घासते नि टाकी पालीला नेते. तुम्हाला तो मासा कधी आवडलाय?"

"वन्सं, दगडाला हात लावू नका."

"का? सोनं पुरलंय त्यात?"

"ते त्याचं शेत आहे. घासलंत तर खाईल काय?"

ती हसली. "माशाचं शेत! दादानं थट्टा केली नि तुम्ही खरी धरलीत."

म्हणजे तिला त्यांनी हे कधी सांगितलंच नव्हतं. त्यांचं बालपण, पोहणं, पहिला पगार, सगळं तिच्याकडे होतं. त्या सगळ्याचा मी संसारभर हेवा केला. हे एवढं मात्र फक्त माझ्याजवळ होतं. मला आनंद झाला, त्या घरात त्या दिवसांत होऊ नये इतका.

"टाकी इथेच राहील," मी म्हटलं.

तिनं काथ्या मोरीत टाकला आणि बॅग भरली. "भावाचं काहीतरी मला द्यावं, असं नाही वाटलं तुम्हाला." मी त्यांचं घड्याळ घेऊन फाटकापर्यंत गेले. तिनं घेतलं नाही.

टाकी खिडकीखाली आहे. पाणी मी समुद्रावरून आणते. नणंदेचा फोन येत नाही.