कर्णा वाजला त्या सकाळी

काल भरे गावातल्या एका लग्नात बँडवाल्यानं ट्रंपेट ओठाला लावलं आणि मला आमच्या कोळवणची ती सकाळ आठवली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे मी आजही अभिमानानं सांगते. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. अचानक भातखाचरांच्या पलीकडून लांबलचक, एकच सूर आला. आई ताडकन उठली. “प्रभू आला गं! म्हनलं व्हतं ना, कर्णा वाजंल!” प्रभू परत येईल तेव्हा आभाळातून कर्णा, म्हणजे तुतारी, वाजेल, असं आमच्या चर्चमध्ये सांगायचे. मी म्हटलं, “आई, फार्महाऊसवर लग्न हाय, बँडवाला हाय त्यो.” पण ऐकतंय कोण! “अगं, भाकर करपती!” मी ओरडले. “करपू दे, आता कोन खानार!” म्हणत ती पिठाच्या हातांनी, अनवाणी पळाली ती थेट थोरल्या चुलतीच्या दारात. बोअरच्या पाण्यावरून दोघी चार वर्षं बोलत नव्हत्या; चर्चमध्येसुद्धा दोन टोकांना बसायच्या. आईनं तिचे हात धरले. “जाऊबाई, माझं चुकलं. तुमच्याशी अबोला धरून त्याच्यापुढं कशी उभी र्‍हाऊ?” चुलतीला रडूच फुटलं. तेवढ्यात तिकडं ताशासकट नाचाचं गाणं सुरू झालं. चुलती डोळे पुसत म्हणाली, “प्रभू वरात घिऊन आला व्हय गं?” मला वाटलं, आता आई ओशाळणार. पण ती हसत उंबऱ्यावरच बसली. “त्यो यील तवा यील. मी तर आले ना? च्या टाका.” तेव्हा मी शहाण्यासारखी हसले होते. काल मात्र तो सूर ऐकताच नाताळपासून ज्याच्याशी बोलले नव्हते त्या धाकट्या भावाला मी मांडवातूनच फोन लावला.